बेळगाव सीमाभागातलं मुक्या जनावरांचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आम्हाला गोठ्यात, जत्रेत, साखर कारखान्याच्या यार्डात आणि रात्री-अपरात्री फोनवर विचारले जातात. खानापूरच्या जंगलकडेपासून निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणीच्या ऊसपट्ट्यापर्यंत आम्ही मूठभर माणसं हे काम करतो. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, काही कॉलेजची पोरं. उत्तरं तोंडी देतो तशीच इथे मांडली आहेत.

तुम्ही नक्की करता काय?

ते ऋतूवर अवलंबून असतं. पावसाळ्यात पूर, दिवाळीच्या पाडव्याला म्हशी, कारखान्यांचे बॉयलर पेटले की ऊस ओढणारे बैल, माघात जत्रेच्या गाड्या आणि कुत्री बाराही महिने. जखमी जनावराला उपचार मिळवून देणं हे रोजचं काम. त्याहून जास्त वेळ जातो तो ती जखम पुन्हा होऊ नये म्हणून माणसांशी बोलण्यात. तक्रार लिहून द्यायची वेळ शेवटी येते, पण आली तर आम्ही मागे हटत नाही.

‘प्राण्यांचे हक्क’ कशाला म्हणता? दया करा एवढं म्हटलं तर पुरत नाही का?

नाही पुरत. दया माणसाच्या मनावर असते. मालक खुशीत असेल तर गुळाचा खडा, नसेल तर चाबूक.

आपल्या भागात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, दोनदा येतो. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर आणि आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. आदल्या दिवशी खांदेमळणी. घरची बाई लोणी-हळद घेऊन गोठ्यात जाते आणि वर्षभर जू घासलेल्या त्या जागेवर हात फिरवते. तिथले केस गेलेले असतात, कातडी जाड आणि खरखरीत झालेली असते. हात लागला की बैल आधी अंग चोरतो, मग मान खाली घालून उभा राहतो. हे ज्याने पाहिलं आहे त्याला हक्क म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. बेंदराला आपण त्याला जे मानाने देतो, त्यातलं पाणी, सावली, विश्रांती आणि खांद्याला औषध एवढं तरी उरलेल्या दिवसांत त्याचं त्याला मिळावं. मागण्याची वेळ येऊ नये, कारण त्याला मागता येत नाही.

कायदाही यापासून फार लांब नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जनावर सांभाळणाऱ्यावर त्याच्या भल्याची काळजी घेण्याचं कर्तव्यच टाकतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या ५१क (छ) या कलमात प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हटलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लीकट्टूच्या निकालात जनावरांच्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख केला: भूक-तहान, गैरसोय, दुखणं-इजा आणि भीती यांपासून मोकळीक, आणि आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मुभा. मात्र घटनेतले मूलभूत हक्क जनावरांनाही आहेत, असं म्हणायला २०२३ च्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने नकार दिला. तेव्हा ‘हक्क’ हा शब्द आम्ही वापरतो तो आमच्या विश्वासावर, आणि तो आम्ही सोडणार नाही.

म्हणजे तुम्ही शेतकऱ्यांच्या विरोधात आहात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि मनाला लागतो. आमच्यातले निम्मे लोक गोठ्यातच वाढलेत.

एक प्रसंग सांगतो. गळीत हंगामात एका यार्डात वजनकाट्यापुढे टायरगाड्यांची रांग लागली होती. एका बैलाच्या खांद्यावर मुठीएवढं आवाळू, म्हणजे जू घासून झालेली गाठ, आलेलं. वर पोत्याचं फडकं बांधलेलं, त्याखालून पाणी येत होतं आणि माश्या बसत होत्या. आमचा एक मुलगा तापून गाडीवानाला बोलायला लागला. ते मामा शांतपणे म्हणाले, “उचल घेतलीया वो साहेब. बैल बसला तर पोरास्नी काय घालू?” उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. त्या प्रश्नाला आमच्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. नंतर आम्ही जू उतरवून बघितलं. खालच्या बाजूला एक गाठ होती, लाकडातली, बोटाच्या पेराएवढी. वर्षानुवर्षं त्या एका जागी भार येत होता. जोडीतला दुसरा बैल उंच, त्यामुळे जू कललेलं, आणि सगळा रेटा या बुटक्याच्या खांद्यावर.

त्या दिवसापासून आम्ही यार्डात जाताना सुतार बरोबर नेतो. तो रंधा मारून जू खालून गोल, गुळगुळीत करून देतो. कापसाची गादी कशी बांधायची ते दाखवतो. ओला खांदा आणि सुट्टीनंतर एकदम जड ओझं, या दोन गोष्टींनी खांदा लवकर सुजतो, हेही सांगतो. मामांचा बैल बरा होईपर्यंत त्यांना दुसरा बैल भाड्याने मिळवून द्यायला चार घरं फिरलो. गावानेच मदत केली. शेतकऱ्याच्या विरोधात असतो तर हे झालं असतं का?

पण हेही तितकंच खरं आहे: जखम असलेलं किंवा आजारी जनावर कामाला जुंपणं कायद्याने गुन्हा आहे, आणि गरिबी हे त्याचं कारण असलं तरी दुखणं त्या बैलालाच होतं. म्हणून आमचं बोट कारखान्यांकडेही जातं. तासन् तास रांगेत उभ्या असलेल्या बैलांसाठी यार्डात हौद, सावली आणि जू सोडून बसवायला जागा हवी. जिथे अजून बैलाने ऊस येतो तिथे एवढी सोय करणं कारखान्याला जड नाही.

बैलाकडून किती काम घ्यावं, याला काही नियम आहे का?

आहे, १९६५ पासून. ओढकाम करणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठीचे हे केंद्राचे नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपायचंच नाही. अथणी, रायबागकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात हा शेवटचा नियम रोज मोडला जातो. वजनालाही मर्यादा आहे. ती जनावराच्या आकारावर आणि गाडीच्या चाकांवर ठरते, आणि त्यात गाडीचं स्वतःचं वजन धरायचं असतं. टोकदार आर लावलेली पराणी, म्हणजे खिळ्याची हाकायची काठी, वापरायला बंदी आहे.

एक साधी गोष्ट नियमात नसली तरी आम्ही हट्टाने करतो. रात्री उसाच्या गाडीला मागून रेडियम लावतो, आणि बैलांच्या शिंगांनाही. धुक्यात मागून येणाऱ्या वाहनाला उसाचा काळा ढीग दिसतच नाही. रेडियमची एक पट्टी चहाच्या किमतीत होते.

डागण्याला आणि खोंड बडवण्याला, म्हणजे खच्ची करण्याला, तुमचा विरोध का? आमच्या आजोबांपासून चालत आलं आहे.

आजोबांच्या काळात गावात डॉक्टर नव्हता. लंगडणाऱ्या बैलाला, सुजलेल्या खांद्याला, वाळत चाललेल्या वासराला तापलेल्या लोखंडाने डाग देतात. डागाने आतला आजार जात नाही, वरून भाजल्याची एक जखम मात्र वाढते. कधी कधी जनावर त्यानंतर बरं होतं, कारण ते तसंही विश्रांतीने बरं होणारच होतं.

बडवण्याबद्दल लिहिताना हात अडखळतो. खोंडाला पाडून, चारी पाय बांधून, वृषण लाकडावर ठेवून ठेचायचं. त्याचा हंबरडा शेजारच्या वस्तीपर्यंत जातो. जनावरांचा सरकारी डॉक्टर हेच काम बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन चिमट्याने थोड्या वेळात करतो, जखम न करता. आम्ही फोन लावून डॉक्टरांची वेळ ठरवून देतो. खोंड घेऊन या, एवढंच म्हणणं.

बैलगाडी शर्यती कायदेशीर झाल्या ना? मग तुम्ही मैदानात का येता?

झाल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ मध्ये कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने आपापल्या दुरुस्त्या केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना अटींसह वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे कायम ठेवले. निकाल आम्हाला पटला नाही, पण तो मानतो.

शर्यतीला परवानगी मिळाली म्हणून शेपटी चावायला, मिरची लावायला, बॅटरीचा झटका द्यायला, दारू पाजायला परवानगी मिळाली असं होत नाही. आम्ही मैदानात जातो ते हे बघायला. मोबाइलवर चित्रीकरण करतो, आयोजकांना आधी भेटून सांगतो की आम्ही येणार आहोत. बहुतेक ठिकाणी एवढ्यानेच फरक पडतो. खिलार जोडी पोटच्या पोरासारखी सांभाळणारे शौकीन आम्हाला माहीत आहेत. स्वतः उपाशी राहतील पण बैलाला पेंड चुकवणार नाहीत. त्यांनाच आम्ही सांगतो: तुमच्या शेजारच्या गाडीत झटका मारणारा असेल तर तुमच्या बैलावरही अन्याय होतोय, तुम्ही बोला. आमच्यापेक्षा तुमचं मैदानात जास्त ऐकलं जाईल.

बकऱ्यांच्या टकरी आणि कोंबड्यांच्या झुंजींचं काय?

त्यांना कुठलीच सूट नाही. करमणुकीसाठी जनावरांना झुंजवणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, बक्षीस ट्रॅक्टरचं असो की नारळाचं. टकरीत एका धडकेने मेंढ्याची मान मोडलेली आम्ही पाहिली आहे. टगर (झुंजीचा मेंढा) राखणं हा आमचा मान आहे, असं म्हणणाऱ्या तरुणांशी भांडण्यापेक्षा आम्ही दुसरी वाट सुचवतो: यात्रेत निकोप, देखण्या जनावरांचं प्रदर्शन भरवा, पारखायला डॉक्टर आणि जाणते धनगर बसवा. तुमच्या गावची यात्रा समिती तयार असेल तर आम्हाला कळवा.

पाडव्याला म्हशी पळवणं बंद करायचं आहे का तुम्हाला?

नाही. बलिप्रतिपदेला बेळगावच्या गल्ल्यांत गवळी बांधव म्हशींना न्हाऊ-माखू घालतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं, घुंगरं, कवड्यांचे पट्टे चढवतात. त्यात अभिमान आहे आणि जिव्हाळाही. म्हैस मालकाच्या हाकेला ओळखून धावते, हे बघायला आम्हीही उभे असतो.

आमचं म्हणणं सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलींबद्दल आहे, म्हशीच्या पायाशी फुटणाऱ्या फटाक्यांबद्दल आहे आणि डांबरी रस्त्यावर घसरून पडणाऱ्या गाभण म्हशीबद्दल आहे. हाकेवर पळणारी म्हैस आणि भेदरून पळणारी म्हैस, हा फरक गवळ्याच्या घरातल्या लहान पोरालाही कळतो. जुनी माणसं आमच्याशी सहमत असतात. तरुणांना समजावताना त्यांनाच पुढे करतो.

दुधासाठी इंजेक्शन देणं गुन्हा आहे का?

हो. पान्हा सोडवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला घातक इंजेक्शन देणं किंवा फुंका घालणं (मागच्या अंगाने आत हवा फुंकणं) यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा होऊ शकतं. रेडकू जगवलं, आईपाशी सोडलं, तर पान्हा आपोआप सुटतो. रेडकू नर आहे म्हणून त्याला उपाशी मारायचं आणि मग इंजेक्शनं शोधत फिरायचं, हे थांबलं पाहिजे.

देवाच्या कामात का पडता? बळी ही आमची श्रद्धा आहे.

श्रद्धेवर आम्ही बोलत नाही. आमच्या घरांतही देवीला परडी भरली जाते, चिंचलीच्या मायाक्काला आणि सौंदत्तीच्या डोंगरावर आम्हीही जातो. कर्नाटकात १९५९ पासून प्राणिबळी प्रतिबंधक कायदा आहे. देवळात, देवळाच्या आवारात आणि धार्मिक मिरवणुकीत बळी देणं त्याने बंद केलं आहे. पलीकडच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या भाविकांना हे बऱ्याचदा ठाऊक नसतं, म्हणून यात्रेआधी आम्ही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत फलक लावतो. नारळ आणि कोहळा हे पर्याय कुठल्याही गावाला नवे नाहीत. निर्णय पंचांनी आणि पुजाऱ्यांनी घेतला तरच तो टिकतो, पोलिसांच्या काठीने घेतलेला पुढच्या यात्रेला मोडतो. हे आम्ही ठेचा खाऊन शिकलो.

चिंचलीच्या यात्रेतलं आमचं मुख्य काम वेगळंच असतं. कोल्हापूर-सांगलीकडून बैलगाड्या कित्येक मैल चालून येतात. वाटेवर पाण्याचे पिंप, ओली पोती, पत्र्या (खुरांचे नाल) निसटलेल्या बैलांसाठी नालबंद आणि एक डॉक्टर, एवढी व्यवस्था ठेवतो. भंडाऱ्याने पिवळे झालेले बैल पिंपात तोंड घालून एका दमात पाणी ओढतात. मालक पाठीवर थाप मारत उभा असतो. अशा वेळी आमच्यात आणि भाविकांत काही वाद उरत नाही.

आमच्या गल्लीतली कुत्री उचलून लांब सोडा ना.

तसं करता येत नाही आणि करून उपयोगही होत नाही. तुमची कुत्री नेली तर कचऱ्याच्या वासाने आठ दिवसांत दुसरी येतात, आणि ती नवी असतात, घाबरलेली, लस न घेतलेली.

२०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे काम असं चालतं: कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, जखम भरेपर्यंत ठेवायचं आणि जिथून आणलं तिथेच सोडायचं. कानाला खाच असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हीच पद्धत कायम ठेवली, फक्त पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री परत सोडायची नाहीत असं सांगितलं. खायला घालण्यासाठी पालिकेने जागा ठरवून द्याव्यात, कुठेही रस्त्यात घालू नये, हेही त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा आवारांतली कुत्री तिथून हलवण्याचा आदेश आला. त्याबद्दल आमचं मत असं: हलवायचीच असतील तर आधी नीट निवारा बांधा. कोंडवाड्यात एकमेकांना फाडून मरायला ठेवू नका.

जबाबदारी महापालिकेची, नगरपालिकेची आणि ग्रामपंचायतीची आहे. आम्ही पकडायला मदत करतो, गल्लीतल्या कुत्र्यांची यादी करतो, शस्त्रक्रियेनंतर आठ दिवस लक्ष ठेवतो. तुम्ही तुमच्या गल्लीची यादी करून द्या, तिथूनच काम सुरू होतं. आणि मटणाच्या दुकानामागचा उघडा कचरा बंद करा. हे दुसरं पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे.

कुत्रं चावलं तर?

आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू काहीही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा आणि सगळे डोस पुरे करा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लशीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं औषध लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून ‘आपलंच कुत्रं आहे’, ‘नुसतं ओरखडलंय’, ‘गावठी औषध घेतलंय’ ही वाक्यं आम्ही ऐकून घेत नाही. पोरं घरी मार बसेल म्हणून चावल्याचं लपवतात. त्यांना मारू नका.

तुम्ही रस्त्यावर गुरांच्या गाड्या अडवता का?

नाही, कधीच नाही. आमच्या नावावर कुणी गाडी अडवून पैसे मागितले, मारहाण केली, चालकाचं नाव-जात विचारली, तर पोलिसांना कळवा आणि आम्हालाही. तो आमचा माणूस नाही.

गाडीत जनावरं कोंबलेली दिसली तर नंबर, वेळ, ठिकाण टिपून ११२ ला फोन करा. १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरं नेता येत नाहीत. कर्नाटकात २०२० च्या गोहत्याबंदी कायद्याचे आणखी निर्बंध आहेत. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्राचा कायदा लागू होतो, त्यामुळे सीमेवर गोंधळ होतो. तो सोडवणं पोलिसांचं काम आहे. आम्ही जप्त झालेल्या जनावरांना वैरण-पाणी मिळतं का, डॉक्टर बघतो का, यावर लक्ष ठेवतो. जप्तीनंतर ती उपाशी मेली तर त्यांना सोडवलं असं म्हणता येणार नाही.

तुम्ही सगळे शाकाहारी आहात का?

काही आहेत, काही नाहीत, दोघांनी दूधही सोडलं आहे. आत येताना हे कुणाला विचारत नाही. पण पाय बांधून, डोकं खाली करून मोटारसायकलच्या हँडलला लटकवलेल्या कोंबड्या बाजारातून जाताना दिसल्या की मांसाहारी माणसालाही ते बघवत नाही. तशी वाहतूक गुन्हा आहे. टोपली किंवा पिंजरा वापरा, एवढं तरी आजच करता येईल.

बिबट्या, गवा किंवा साप दिसला तर काय करायचं?

वनखात्याला १९२६ वर कळवा, गर्दी करू नका, व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, सक्रेबैलच्या छावणीतून हत्ती आणले, तरी तो सापडला नाही. तो आपला आपण निघून गेला असंच म्हणायचं. खानापूर तालुक्यात २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे, तिथले गवे आणि अस्वलं शिवारात येतात. पिकाचं नुकसान झालं तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. फासे आणि कुंपणात वीज सोडणं, हे दोन्ही माणसालाही मारतात.

साप दूध पीत नाही. नागपंचमीला टोपलीत आणलेला नाग उपाशी-तहानलेला असतो म्हणून तोंड लावतो. बऱ्याचदा त्याचे दात उपटलेले असतात. पैसे देऊ नका, कळवा.

पुराच्या वेळी जनावरांचं काय करायचं?

याचं उत्तर पावसाळ्याआधी वाचा.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या. निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर पाणी आलं. माणसं नावेतून बाहेर आली. जनावरं दाव्याला राहिली. पाणी उतरल्यावर गोठ्यांत गेलो तेव्हा दिसलं ते विसरता येत नाही: दाव्याच्या लांबीपर्यंत ताणून, तोंड वर करून मेलेली म्हैस. दोरी कापलेली असती तर ती पोहली असती. म्हैस चांगली पोहते.

म्हणून एकच गोष्ट सगळ्यांना सांगतो. घर सोडायची वेळ आली आणि जनावर नेता येत नसेल, तर दावं सोडा. गाठ सुटत नसेल तर विळ्याने कापा. वेसणीला बांधलेला कासराही काढा, तो झाडाझुडपात अडकतो. गोठ्याचं दार उघडं ठेवा. जनावर हरवेल ही भीती असते, पण कानातल्या टॅगवरून मालक सापडतो. त्यासाठी टॅगचा आकडा आणि जनावराचा फोटो मोबाइलमध्ये आधीच ठेवा. मे महिन्यातच घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या आजारांची लस टोचून घ्या. गावाबाहेर उंचावर जनावरांची जागा कोणती, कडबा कुठे ठेवायचा, हे ग्रामसभेत ठरवून घ्या. माणसांसाठीच्या निवारा केंद्रात जनावरांची सोय नसेल तर लोक घर सोडत नाहीत आणि दोघेही अडकतात. २०२१ च्या जुलैत ज्या वस्त्यांनी हे आधी ठरवलं होतं, तिथे आमचं काम वैरण पोचवण्यापुरतंच राहिलं.

तक्रार कशी करायची? आम्हाला कन्नड लिहिता येत नाही.

जनावर आजारी किंवा जखमी असेल तर आधी १९६२ वर फोन, फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं. क्रूरतेची तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात. फोटो, वेळ, ठिकाण, साक्षीदार असले की तक्रार टिकते. मराठीत बोला, आम्ही ती कन्नडमध्ये लिहून देतो, वाचून दाखवतो आणि मगच सही घेतो. न समजलेल्या कागदावर सही करू नका.

आता एक कटू गोष्ट. १९६० च्या कायद्यात मारहाण, जास्त ओझं अशा पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांत पुन्हा केलं तर पंचवीस ते शंभर, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. यातले बरेच गुन्हे अदखलपात्र आहेत. २०२२ मध्ये केंद्राने शिक्षा वाढवण्याचा मसुदा काढला, त्याचा कायदा अजून झालेला नाही. जनावर मारलं किंवा कायमचं जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेचं ३२५ कलम लावायचा आग्रह धरा, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. एका ठाण्यात “कुत्र्यासाठी एफआयआर?” म्हणून आम्हाला दोन तास बसवून ठेवलं होतं. आम्ही कलम छापून नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं आणि बसून राहिलो. शेवटी नोंद झाली.

जनावर वाचणारच नसेल तर?

मणका मोडलेला, उठूच न शकणारा बैल रस्त्याकडेला दिवसेंदिवस तडफडत ठेवणं हे पुण्य नाही. कायद्याच्या १३ व्या कलमात डॉक्टरांच्या दाखल्यावर वेदनेतून सोडवण्याची तरतूद आहे. निर्णय डॉक्टरांचा. आम्ही शेवटपर्यंत तिथे थांबतो, पाणी पाजतो, माश्या वारतो.

मला मदत करायची आहे. काय देऊ?

पैसे लागतात, पण सगळ्यात आधी वेळ लागतो. सध्या आम्हाला हवं आहे: रात्री गाडी काढू शकणारा टेम्पोवाला, चिकोडी आणि अथणी भागात कन्नड-मराठी दोन्ही सफाईने लिहिणारं कुणीतरी, जुन्या सुती चादरी, स्वच्छ पोती, रेडियमच्या पट्ट्या आणि हंगामापुरता आणखी एक सुतार. रंधा त्याचा त्याने आणावा, जेवण आमच्याकडे.